सीव्हीच्या तळाशी एसक्यूएल

मी मुलाखत घेत होते. बॅकएंड डेव्हलपरची, म्हणजे पडद्यामागचा कोड लिहिणाऱ्याची जागा होती, चारेक वर्षांच्या अनुभवाची. समोर बसलेल्या मुलीच्या सीव्हीत कौशल्यांची लांबलचक रांग : रिअ‍ॅक्ट, काफ्का, कुबरनेटिस, मशीन लर्निंग, अँग्युलर, जावा, स्ट्रट्स, अगदी एमएस वर्डसुद्धा. एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधली माहिती काढायची भाषा, सगळ्यात शेवटी.

काफ्कापासून, म्हणजे एका प्रणालीचे संदेश दुसरीकडे पोचवणाऱ्या सॉफ्टवेअरपासून, सुरुवात केली. टॉपिकला (संदेशांच्या प्रवाहाला) तीन पार्टिशन (भाग) आहेत आणि एकाच ग्रुपमध्ये पाच कन्झ्युमर (संदेश वाचणारे प्रोग्रॅम) लावले, तर काय होईल? एक पार्टिशन ग्रुपमधल्या एकाच कन्झ्युमरला मिळतं, म्हणून दोन रिकामे बसतात. ज्याने काफ्का हाताळलाय त्याला विचारही करावा लागत नाही. ती गप्प. कुबरनेटिसचंही तेच, डिप्लॉयमेंट (सॉफ्टवेअर सर्व्हरवर चढवणं) तिच्याकडे दुसरीच टीम बघायची. अशी मुलाखत दहा मिनिटांत गुंडाळतात. मला ते पटत नाही. चार वर्षं माणूस रोज काहीतरी करत असतोच ना!

"हे सगळं बाजूला ठेवा," मी म्हटलं. "तुम्ही नसता तर अडलं असतं असं एखादं काम सांगा."

ती एका सहकारी बँकेच्या सॉफ्टवेअरवर होती. १ एप्रिल २०१० पासून बचत खात्याचं व्याज रोजच्या शिलकीवर काढावं लागतं. म्हणजे प्रत्येक खात्याची प्रत्येक दिवसाची शिल्लक हवी. हे एकगठ्ठा करणारा त्यांचा बॅच जॉब रात्री सुरू व्हायचा आणि शाखा उघडायची वेळ झाली तरी संपायचा नाही. कर्सर (एका वेळी एकच ओळ वाचणारी सोय) लावून एकेक खातं उचलायचं, त्याचे व्यवहार शोधायचे, व्याज काढायचं, कमिट (नोंद पक्की) करायचं. तिने एक्झिक्युशन प्लॅन (डेटाबेस माहिती कशी शोधतो त्याचा आराखडा) काढून पाहिला, तर दर खात्यामागे व्यवहारांचं अख्खं टेबल वाचलं जात होतं. खाते क्रमांक आणि तारीख मिळून एक इंडेक्स (झटपट शोधायची सूची) केला, कर्सर काढला, शिलकीसाठी विंडो फंक्शन (अनेक ओळींचा हिशोब एकत्र करणारी एसक्यूएलची सोय) वापरलं. जॉब मध्यरात्रीच संपायला लागला.

"मध्येच बंद पडला तर? व्याज दोनदा लागेल की."

"नाही मॅडम. खाती गटागटाने घेतो. गटाचं व्याज आणि 'गट झाला' ही नोंद एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे दोन्ही होतात नाहीतर एकही नाही. परत चालवला तर झालेले गट सोडून देतो."

माझा सहकारी खुर्चीत सावरून बसला. पुढचा अर्धा तास तिला जितकं खोदून विचारलं तितकी ती खुलत गेली.

"मग हे सीव्हीत का नाही?"

"एसक्यूएल लिहिलंय ना. बाकीचं तुमच्या जाहिरातीत होतं. ते शब्द नसले तर सीव्ही पुढे जात नाही, असं सगळे सांगतात."

यात तथ्य आहे. एचआर जाहिरातीतल्या शब्दांवरूनच चाळणी लावतं. तरीही शेवटी तिला माझं मत सांगितलं. ज्यावर लागोपाठ तीन प्रश्न झेलता येतील तेच कौशल्यांत लिहा. ओरॅकल डेटाबेस, त्याची भाषा पीएल/एसक्यूएल आणि जावा वर घ्या, आवृत्तीसकट. अँग्युलर म्हणजे जुनं अँग्युलरजेएस की २०१६ नंतरचं, ते स्पष्ट करा. काफ्काशी नुसता संबंध आला असेल, तर तो त्या प्रकल्पाच्या ओळीत येऊ द्या. वर्ड आणि मशीन लर्निंग काढा. व्याजाचा जॉब मात्र पहिल्या पानावर हवा.

"स्ट्रट्स काढू का? फार जुनं वाटतं."

मी ठेवायला सांगितलं. स्ट्रट्स या जुन्या जावा फ्रेमवर्कवरून (तयार सांगाड्यावरून) स्प्रिंग या दुसऱ्या फ्रेमवर्कवर नेण्याची कामं अजून कितीतरी ठिकाणी पडून आहेत, आणि जुना कोड वाचता येणारं माणूस तिथे आधी शोधतात.

तिला पुढच्या फेरीला पाठवलं आणि त्याच दुपारी एचआरकडे गेले. आमच्या टीमला रोज लागतात ते जावा आणि एसक्यूएल. काफ्का, कुबरनेटिस 'असल्यास उत्तम'मध्ये टाका, असं सांगून जाहिरात बदलून घेतली.