हुकूमशाहीत फाईल कुठल्या टेबलावर असते?

आमराईत सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींत एक वाक्य हमखास कानावर पडतं, विषय रस्त्याचा असो नाहीतर पुराच्या वेळच्या घोळाचा, कुणीतरी म्हणणारच की एखादा हिटलर पायजे बघा, एक माणूस, एक ऑर्डर, सगळे सुतासारखे सरळ. मी सरकारी ऑफिसात फाईली सरकवण्यात आयुष्य घालवलंय, त्यामुळं मला त्या माणसाच्या ऑफिसचंच जास्त कुतूहल, म्हणजे टिप्पणी कोण टाकायचं, सही कुणाची, साहेबांना भेटायचं तर कुणाच्या टेबलावरनं जायचं. त्या अंगानं वाचत गेलं की कळतं, इतका गलथान कारभार आपल्याकडं शोधूनही सापडायचा नाही.

मंत्रिमंडळच घ्या. मार्च १९३३ मध्ये संसदेला न विचारता कायदे करायचा अधिकार सरकारनं घेतला, पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये राष्ट्राध्यक्ष हिंडेनबर्ग वारले आणि हिटलरनं ते पदही स्वतःकडं ओढलं, सैनिकांना देशाची नाही तर थेट हिटलरच्या नावानं शपथ घ्यायला लावली. आता एवढा अधिकार आल्यावर माणूस बैठका तरी घेईल ना? फेब्रुवारी १९३८ नंतर मंत्रिमंडळाची बैठक झालीच नाही. एकही नाही. महायुद्ध पेटलं, रशियावर चढाई झाली, पण सगळे मंत्री एका टेबलाभोवती बसले म्हणून नाही. लामर्स नावाचा वरिष्ठ अधिकारी कायद्यांचे मसुदे या खात्यातनं त्या खात्यात फिरवायचा आणि पुढं पुढं त्यालाच साहेबांची भेट मिळेनाशी झाली.

बरं, एका कामाला एक माणूस असंही नाही. परराष्ट्र खातं जागेवर असताना रिबेनट्रॉपनं शेजारीच वेगळं दुकान थाटलं, तेही साहेबांच्या आशीर्वादानं. अर्थखात्यात शाख्ट बसलेला, तर १९३६ मध्ये हिटलरचा उजवा हात असलेल्या गोरिंगकडं अर्थव्यवस्थेची चार वर्षांची योजना देऊन टाकली, झालं, वर्षभरात शाख्ट राजीनामा देऊन मोकळा. प्रांताप्रांतात गाउलायटर, म्हणजे पक्षाचे प्रांतप्रमुख, ते सरकारी अधिकाऱ्याला जुमानायचे नाहीत कारण त्यांची ओळख थेट वर. हे हिटलरनं मुद्दाम केलं की मुळातच त्याला फाईलीचा कंटाळा, यावर इतिहासवाले अजून भांडतात. मला विचाराल तर दोन्ही. माणूस उशिरा उठणारा, रात्री जागून सिनेमे बघणारा, वाचायला दिलेला कागद टाळणारा, पण एवढं त्याला पक्कं ठाऊक की दोघं भांडले की दोघंही शेवटी आपल्याच दारात येणार.

मग कामं व्हायची कशी? फेब्रुवारी १९३४ मध्ये विलिकेन्स नावाचा कृषी खात्यातला एक बडा अधिकारी भाषणात सांगून गेलाय, की फ्यूररला, म्हणजे हिटलरला, प्रत्येक गोष्ट वरून सांगणं जमणार नाही, तेव्हा ज्यानं त्यानं त्याच्या मनातलं ओळखून त्या दिशेनं काम करावं. हे वाचून मला हसू आलं आणि मग नाही आलं. कारण आपल्याकडं प्रत्येक ऑफिसात हे चालतं, "साहेबांची इच्छा आहे", एवढं म्हणलं की झालं, साहेबांनी तसं म्हणलंय का हे कोण बघायला जातंय. फरक इतकाच की इथं एखादा खमका क्लार्क असतो तो म्हणतो, लेखी द्या. तोंडी सांगणारा तिथंच थंड होतो. तिकडं अशी चढाओढ लागली की साहेबांच्या इच्छेपेक्षा दोन पावलं पुढं कोण जातो, आणि पुढं जाणारा कायम जास्त क्रूर तोच असायचा, कारण मवाळपणा करून कुणाला प्रमोशन मिळालं नाही.

आणि जिथं लेखी दिलं ते प्रकरण तर ऐकाच. हिटलरचं एक खाजगी कार्यालय होतं, लोकांचे अर्ज-विनंत्या बघणारं, बूहलर त्याचा प्रमुख. अपंग बाळाला मारायची परवानगी द्या असा एक अर्ज तिथं आला, आणि त्यातनं मनोरुग्ण आणि अपंगांना मारायची अख्खी योजनाच उभी राहिली. आरोग्य खातं बाजूला, कायदा खातं अंधारात. ऑक्टोबर १९३९ मध्ये हिटलरनं स्वतःच्या खाजगी लेटरहेडवर बूहलर आणि आपला डॉक्टर ब्रांट यांच्या नावानं चार ओळी लिहून दिल्या आणि तारीख घातली मागची, १ सप्टेंबर, म्हणजे युद्ध सुरू झालं तो दिवस. कायदा नाही, राजपत्र नाही, आपल्या भाषेत जावक क्रमांकसुद्धा नाही. एवढ्या कागदावर ऑगस्ट १९४१ पर्यंत ७० हजारांवर माणसं गॅस सोडून मारली.

ब्रांडेनबुर्गला लोथार क्रायसिग म्हणून न्यायाधीश होता, त्याच्या कोर्टाच्या पालकत्वाखालची वेडसर माणसं एकामागून एक मेल्याची पत्रं यायला लागली. यानं जुलै १९४० मध्ये कायदामंत्री गुर्टनरला लिहिलं, बूहलरवर खुनाची फिर्याद दिली, दवाखान्यांना कळवलं की माझ्या परवानगीशिवाय माझी माणसं हलवायची नाहीत. गुर्टनरनं बोलवून घेतलं आणि ते चार ओळींचं पत्र दाखवलं. क्रायसिग म्हणाला याला मी कायदा मानत नाही. मग फ्यूररची इच्छा हाच कायदा हे पटत नसेल तर न्यायाधीश राहता येणार नाही, असं त्याला सांगितलं आणि सक्तीनं रिटायर केलं. तो गावाकडं जाऊन शेती करत राहिला. इतक्या न्यायाधीशांत हे करणारा हा एकटा, बाकीच्यांच्या टेबलावरही असले कागद आलेच असणार की.

इटलीचा मुसोलिनी या बाबतीत कच्चा निघाला, त्यानं दोन खिडक्या उघड्या ठेवल्या. एक म्हणजे राजा, आणि दुसरी पक्षाची ग्रँड काउन्सिल. युद्ध हरायला लागलं, सिसिलीत शत्रू उतरला, तेव्हा २४ जुलै १९४३ ला रोममध्ये काउन्सिल बसली ती साडेतीन वर्षांनी. संध्याकाळी पाचला सुरू झालेली मीटिंग रात्री दोन वाजून गेले तरी चालूच, आणि शेवटी काउन्सिलच्याच ग्रांडी नावाच्या सभासदानं मुसोलिनीविरुद्ध मांडलेल्या ठरावाला २८ पैकी १९ मतं पडली, त्यात मुसोलिनीचा सख्खा जावई चानो. दुसऱ्या दिवशी राजाला भेटायला गेलेल्या मुसोलिनीला अँब्युलन्समध्ये घालून अटकेत नेलं. वीस वर्षांचं राज्य, गोळी न झाडता. (त्याच वर्षी इकडं आपल्या जुन्या सातारा जिल्ह्यात, वाळवा-तासगाव तेव्हा साताऱ्यातच, प्रतिसरकार उभं राहत होतं.) जावयाला पुढं जानेवारी १९४४ मध्ये वेरोनाला गोळ्या घातल्या ते वेगळं, तोवर जर्मनांनी मुसोलिनीला सोडवून उत्तरेत परत बसवलं होतं.

जर्मनीत ठराव मांडायला मीटिंगच नव्हती, तिथं हिटलरला मारायला एका लष्करी अधिकाऱ्याला बॅगेत बॉम्ब घेऊन जायला लागलं, २० जुलै १९४४ ला, आणि तोही फुकट गेला.

शेवटी शेवटी तर कमालच. गोरिंगकडं जून १९४१ चा लेखी आदेश होता की साहेबांना काही झालं तर वारस तू. एप्रिल १९४५ मध्ये बर्लिन वेढलं जात असताना त्यानं तो कागद काढला, आणि अगदी नियमानं तार केली की आता चार्ज घेऊ का, रात्री दहापर्यंत उत्तर नाही आलं तर घेतो. पण तार वाचून दाखवायला हिटलरच्या कानाशी त्याचा सेक्रेटरी बोरमान बसलेला. त्यानं ती फितुरी म्हणून रंगवली, गोरिंग अटकेत. मग हिटलरनं मरताना चार्जही वाटून टाकला, अध्यक्ष नौदलप्रमुख डोनिट्झ, चान्सलर प्रचारमंत्री गोबेल्स, पक्ष बोरमानकडं. हिटलर मेला ३० एप्रिलला. त्याच संध्याकाळी बोरमाननं उत्तरेत प्लोनला असलेल्या डोनिट्झला तार केली की गोरिंगच्या जागी वारस म्हणून तुमची नेमणूक झाली आहे. साहेब मेलेत हे त्यात लिहिलंच नव्हतं, आणि खाली एवढंच, की लेखी आदेश मागून येतोय. तो डोनिट्झपर्यंत पोचलाच नाही.