57 फुटांनंतरचा दवाखाना

सांगलीच्या गावभागात माझा लहान मुलांचा दवाखाना आहे, तळमजल्यावर. आतल्या खोलीच्या भिंतीवर 2005 च्या पुराची खूण होती, बरोबर कमरेएवढी. रंगकाम करताना पेंटरनं विचारलं, “मॅडम, ही झाकू का?” मीच नको म्हटलं. पुढं सगळं त्या खुणेच्या मापानं केलं. लसींचा फ्रीज ठेवायला कडप्प्याचा ओटा बांधला, तो खुणेपेक्षा फूटभर उंच. इलेक्ट्रिकचे पॉइंट ओट्याच्याही वर. रजिस्टरं आणि केसपेपर लोखंडी कपाटाच्या वरच्या दोन कप्प्यांत. एवढी व्यवस्था केल्यावर मनात धास्ती कशाला राहील?

2019 ची नागपंचमी 5 ऑगस्टला होती. त्या दिवशी गावात ज्याच्या त्याच्या तोंडी एकच प्रश्न: आयर्विनला किती? म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर आलं. सांगलीकरांना 40 फूट इशारा आणि 45 फूट धोका हे पाढ्यासारखं पाठ असतं. मी खालची औषधं वर ठेवली आणि सिस्टरना लवकर घरी धाडलं. त्या सांगलीवाडीला राहतात, पुलापलीकडं. लसी फ्रीजमध्येच ठेवल्या, कारण वीज होती आणि उद्या सकाळी येऊन नेऊ असा विचार होता. ही माझी चूक, तिचं खापर नदीवर नको. थर्मोकोलची पेटी हाताशी होती, विश्रामबागेतलं घर वीस मिनिटांवर होतं. दुसऱ्या दिवशी मारुती चौकाच्या पुढं जायला रस्ताच उरला नव्हता. नदी 57 फुटांवर गेली. जुन्या खुणेपेक्षा तीन फुटांहून जास्त वर. माझा ओटा, कपाट, पॉइंट, सगळंच पाण्याखाली गेलं.

पाणी उतरल्यावर 14 तारखेला दार उघडलं. चिखल आणि तो वास सगळ्या पूरग्रस्तांनी अनुभवलाय, त्याबद्दल नवीन काय सांगू? मला धक्का बसला तो कपाटाचा. किल्ली फिरत होती, पण दार हलेना. आतली रजिस्टरं पाणी पिऊन इतकी फुगली होती की त्यांनीच दार आतून दाबून धरलं होतं. शेवटी पहार घालून उचकटलं. बाहेर आले ते कागदाचे नव्हे, भिजलेल्या पावाचे गठ्ठे.

कॉम्प्युटरवर 2016 पासूनच्या नोंदी होत्या. सीपीयू टेबलाखाली. बॅकअपची हार्ड डिस्क होती की! त्याच टेबलाच्या ड्रॉवरमध्ये.

पहिला आठवडा निवारा केंद्रांतच गेला: ताप, जुलाब, पायाला झालेल्या जखमा, लेप्टोच्या (पुराच्या पाण्यातून होणाऱ्या तापाच्या) भीतीपोटी डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या मागणारी माणसं. ते काम ओळखीचं होतं. खरी परीक्षा सुरू झाली ती विश्रामबागेतल्या एका डॉक्टर मित्रानं संध्याकाळी दोन तास आपली ओपीडी वापरायला दिली तेव्हा.

पहिल्याच दिवशी एक आई आली. कडेवर दीड वर्षाचा मुलगा, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत लसीकरणाची फाइल. “मॅडम, वाळवलीय, पण पानं चिकटल्यात. किती डोस झाल्यात, तुमच्याकडं असतंय न्हवं लिहिलेलं?” असायला हवं होतं. तिचं पुस्तक ज्या पाण्यात गेलं त्याच पाण्यात माझं रजिस्टरही गेलं होतं. लसीची एक नोंद आईकडं आणि एक डॉक्टरकडं असते, ती यासाठीच. आमच्या दोन्ही नोंदी एकाच गल्लीत होत्या.

नोंद नसेल तर डोस झालाच नाही असं धरून वयानुसार पुढं चला, असं डॉक्टरी पुस्तक सांगतं. पण समोर माणसं असतात. आम्ही पुरावे शोधायला लागलो. बीसीजीचा (क्षयाच्या लसीचा) वण डाव्या दंडावर दिसला तर तो प्रश्न मिटला. (नाही दिसला तर लस दिलीच नव्हती असं होत नाही, काही मुलांना वण उठतच नाही.) शाळेत जाणाऱ्यांसाठी आदल्या वर्षीच्या नोव्हेंबरात सुरू झालेल्या गोवर-रुबेला मोहिमेचा मोठा आधार झाला, तो एक डोस तरी पक्का. सरकारी केंद्रात लस घेतलेल्यांना नर्सताईंच्या रजिस्टरकडं पाठवलं. गोवर-गालगुंड-रुबेलाचा डोस चुकून जास्तीचा झाला तर नुकसान नाही, म्हणून शंका आली की देऊन टाकला. ट्रिपलचं (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वाताच्या लसीचं) तसं नाही. जास्तीच्या डोसांनी दंड चांगलाच सुजतो, आणि सात वर्षांनंतर तर लसच वेगळी द्यावी लागते. रोटाच्या (जुलाबाविरुद्धच्या लसीच्या) थेंबांना वयाची मर्यादा असते, तिथं मोठ्या बाळांचा विषयच संपला.

पैशाचं काय? न्यूमोकोकलचा (न्यूमोनियाविरुद्धच्या लसीचा) एक डोस तेव्हा साडेतीन-चार हजारांच्या घरात होता. बापानं एकदा भरलेत, त्याला ते आठवतंय, मलाही तो माणूस आठवतोय, फक्त कागद नाही. अशा वेळी मी स्टॉकिस्टच्या (घाऊक विक्रेत्याच्या) भावात लस दिली, तपासणी फी घेतली नाही. काही सहकाऱ्यांना हे पटलं नाही. उद्या सगळेच मागतील म्हणाले. मागितलं कुणीच नाही. उलट दोघीतिघींनी हट्टानं पूर्ण पैसे ठेवले.

मग सिस्टर आल्या, बारा दिवसांनी. त्यांचंही घर पाण्यात होतं. पंखा लावून, पानापानात जुनी वर्तमानपत्रं घालून त्यांनी रजिस्टरं सुटी करायला घेतली. तिसऱ्या दिवशी मला हाक मारली, “मॅडम, हे बघा.” 2014 ते 2017 च्या रजिस्टरातला मजकूर वाचता येत होता. पानं तपकिरी, कडा कुजलेल्या, पण नाव, तारीख, लस, बॅच, सगळं जागेवर. त्यानंतरची पानं मात्र निळी-निळी धुतलेली. कारण साधं होतं. पूर्वी त्या बॉलपेननं लिहायच्या. मग औषध कंपनीच्या एका प्रतिनिधीनं खोकाभर जेलपेनं दिली आणि आम्ही दोघींनी हौसेनं तीच वापरली. बॉलपेनच्या तेलकट शाईला पाण्यानं काही केलं नाही. लसीच्या कुप्यांवरची स्टिकरं चिकटवलेली पानंही वाचली. त्यातून चारेकशे मुलांच्या नोंदी परत मिळाल्या. नव्या वहीत उतरवायला नवरात्र उजाडलं.

कचऱ्याचं थोडक्यात सांगते. आख्ख्या गल्लीनं भिजलेलं सामान रस्त्यावर टाकलं, जेसीबी येऊन उचलून नेत होता. मला सुई टाकता येत नव्हती. सुयांचा पांढरा डबा तरंगत वेटिंग रूममध्ये आला होता. रक्ताचा कापूस वगैरे 48 तासांपेक्षा जास्त ठेवायचा नाही असा नियम, आणि रस्ते बंद म्हणून गाडी येईना. नियमातच सोय आहे: उशीर होणार असेल तर प्रदूषण मंडळाला कारणासह कळवायचं. मी मेल केला, त्याची प्रिंट जपून ठेवली. पण खराब झालेल्या लसी पिवळ्या पिशवीत भरल्यावर विमा कंपनीचा निरोप आला, नुकसान मोजणारा सर्व्हेअर येईपर्यंत काहीही हलवू नका. आठ दिवस त्या पिशवीची राखण केली.

सर्व्हेअर तरुण होता, सभ्य होता. टेप लावून पाण्याची खूण मोजली, फोटो काढले आणि विचारलं, “पाच तारखेला स्टॉक किती होता? बिलं?” बिलं ड्रॉवरमध्ये, हार्ड डिस्कच्या शेजारी. दुकानदाराची खरेदी निदान जीएसटीच्या पोर्टलवर तरी दिसते. डॉक्टरच्या सेवेला जीएसटी माफ, म्हणून मी नोंदणीच केलेली नव्हती. मिरजेच्या स्टॉकिस्टनं दोन वर्षांच्या बिलांच्या प्रती काढून दिल्या, त्याचे उपकार आहेत. तलाठ्याच्या पंचनाम्यात मी मुद्दाम ‘रुग्णांच्या नोंदवह्या’ हे शब्द लिहून घेतले. तो म्हणाला, “वह्यांची काय किंमत लावायची?” मी म्हटलं, शून्य लावा, पण लिहा. उद्या कोर्टात कुणी जुना केसपेपर मागितला तर माझ्याकडं दाखवायला तेवढाच कागद असणार होता.

आता विम्याचा हिशोब, कारण हा मला कुणी आधी सांगितला नव्हता. पॉलिसी बँकेनं मशीनच्या कर्जासोबत काढलेली, 5 लाखांची. मी दरवर्षी हप्ता भरत गेले, आकडा वाढवला नाही. दरम्यान दवाखान्यातला माल झाला 8 लाखांचा. मी दावा केला 4 लाख 80 हजारांचा. सर्व्हेअरनं वापराची घट धरून नुकसान ठरवलं 3 लाख 60 हजार. मला वाटलं, विमा 5 लाखांचा आहे म्हणजे हे सगळे मिळणार. नाही. मालाच्या पाच-अष्टमांश विमा, तर नुकसानीचीही पाच-अष्टमांशच भरपाई: 2 लाख 25 हजार. त्यातून पॉलिसीतली 10 हजारांची कपात. चिडून वकिलाकडं गेले, तर त्यानं पॉलिसीतलं कलम वाचून दाखवलं. गेली सात वर्षं ते माझ्याच फाइलमध्ये होतं. पैसे आले 2020 च्या मार्चमध्ये, टाळेबंदीच्या आठवडाभर आधी. तोवर सिस्टरांचा पगार, जागेचं भाडं आणि मशीनचा हप्ता, तिन्ही घरातल्या सोन्यावर.

2021 च्या जुलैत नदी पुन्हा 50 फुटांच्या वर गेली. या वेळी भिंतीकडं बघितलंच नाही. आयर्विनला 40 लागले तेव्हा रजिस्टरं भाजीच्या क्रेटमध्ये भरून रिक्षानं घरी आणली, लसी थर्मोकोलच्या पेटीत. बर्फाचे पॅक वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवले, कारण ट्रिपल आणि न्यूमोकोकल गोठली तरी वाया जाते. दवाखान्यात पाणी शिरलं, रिकाम्या कपाटात.

तिसऱ्या दिवशी सकाळी एका आईचा फोन आला, निवारा केंद्रातून. “मॅडम, पोरीचं पुस्तक घरातच राह्यलं बघा. तिचा दुसरा डोस झालाय का तिसरा?” डायनिंग टेबलावरच्या क्रेटमधून मी रजिस्टर काढलं. बॉलपेनचं, सिस्टरांच्या अक्षरातलं.

“दुसरा झालाय, 12 जुलैला. तिसऱ्याला अजून वेळ आहे. पाणी उतरू दे, मग या.”