पानाचे किती घेता?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. तुमच्याआधीही बऱ्याच जणांनी विचारलंय. लग्नाच्या पंगतीत, नागपुरात गोकुळपेठच्या भाजीबाजारात, एकदा तर दाताच्या डॉक्टरकडे, माझं तोंड उघडं असताना. प्रश्न थोड्याफार फरकाने हाच असतो: “मॅडम, तुम्ही थिसिस लिहून देता म्हणे. पानाचे किती घेता?”

लिहून देत नाही, आणि घेतही काही नाही. शनिवारी अकरा ते दोन मी धरमपेठेतल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात, वाचनकक्षामागच्या खोलीत बसते. जुन्या मासिकांचे गठ्ठे ठेवायची ती खोली होती, अजूनही पावसाळ्यात तोच वास सुटतो. एक टेबल, तीन खुर्च्या आणि एक कूलर. मे महिन्यात कूलर लावला की कुणाचं काही ऐकू येत नाही, बंद केला की बसवत नाही. तिथे पीएचडी करणारी मुलं येतात. मुलं आपली म्हणायची; त्यातले निम्मे नोकरी, घर, म्हातारे आईवडील सांभाळून येतात. वर्ध्याचे, भंडाऱ्याचे, गोंदियाचे. चंद्रपूर-गडचिरोली २०११ पासून गोंडवाना विद्यापीठाकडे गेलं, तरी तिकडचेही येतात, कारण टायपिंग आणि बाइंडिंगला त्यांना नागपूर सुटलेलं नाही. एका फेरीत दोन कामं.

आल्या आल्या ठरलेलं वाक्य: “सगळं झालं मॅडम, फक्त राइट-अप राहिलं.”

हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता हसूही येत नाही. स्वयंपाक झाला, फक्त चूल पेटवायची राहिली, असं कुणी म्हणालं तर आपण त्याच्याकडे जसं पाहू तसं मी पाहते. मुलाखती झाल्या, प्रश्नावल्या भरून झाल्या, कुणाकडून तरी एसपीएसएस या आकडेवारीच्या सॉफ्टवेअरवर टेबलं काढून झाली. २०२२ च्या यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, नियमांप्रमाणे पीएचडीला किमान तीन आणि कमाल सहा वर्षं मिळतात, वर दोन वर्षांची मुदतवाढ, आणि बायकांना त्यावर आणखी दोन. यातली सगळी वर्षं ‘काम’ करण्यात जातात आणि लिहिण्यासाठी ठेवतात शेवटचे तीन महिने. लिहिणं म्हणजे काम नव्हेच, ती फक्त कामाची पावती.

माझंही वेगळं नव्हतं. मी पहिला चॅप्टर गाइडना दिला तेव्हा त्यावर वर्षभर खपले होते. तीन महिन्यांनी तो परत आला. पहिल्या पानावर पेन्सिलने दोन शब्द: ‘भाषा सुधारावी.’ बाकी सगळी पानं कोरी. मी आठ दिवस त्या दोन शब्दांकडे बघत बसले. कुठली भाषा? शुद्धलेखन? वाक्यं लांब आहेत? की मला जे म्हणायचंय तेच कळत नाहीये? शेवटी मी प्रत्येक ‘पण’च्या जागी ‘परंतु’ घातला आणि चॅप्टर पुन्हा दिला. पास झाला. गाइड वाईट नव्हते हो. त्यांनाही त्यांच्या गाइडने तेवढंच लिहून दिलं असणार.

तर त्या खोलीत मी काय करते, ते एका मुलीवरून सांगते. तिचा विषय होता गोंदिया-भंडाऱ्याकडचे माजी मालगुजारी तलाव. तिकडे कोहळी समाजाने गावोगाव तलाव बांधले, त्यावर धान पिकलं. १९५१ मध्ये मालगुजारी, म्हणजे सारा वसूल करणाऱ्यांची जमीनदारी, गेली आणि तलाव सरकारकडे आले. त्यानंतर त्यांचं काय झालं, हा तिचा प्रश्न. विषय सोन्यासारखा. पण चॅप्टरमधलं वाक्य असं:

‘पारंपरिक जलव्यवस्थापन प्रणालीमध्ये जलनिःसारण द्वारांच्या माध्यमातून लाभधारकांना नियोजनबद्ध पद्धतीने जलवितरण केले जात असे.’

मी म्हटलं, “मोठ्यानं वाच.” तिने वाचलं. श्वास पुरला नाही.

“जलनिःसारण द्वार म्हणजे काय गं?”

“तुडुम.”

“म्हणजे?”

मग ती खुर्चीत पुढे सरकली. टेबलावर हाताने तलावाची पाळ काढून दाखवली, या बाजूला पाणी, त्या बाजूला धानाच्या बांध्या, आणि पाळीच्या पोटातून पाणी सोडायची जागा ती तुडुम. तिचे आजोबा तुडुम उघडायला पाण्यात उतरायचे. आजी काठावर धोतर धरून उभी. “मॅडम, एकदा पानी लवकर सोडलं म्हणून आजोबाले साऱ्या गावानं फैलावर घेतलं होतं.”

“मग कधी सोडायचं ते कोण ठरवायचं?”

“गाव. बैठक होत होती ना.”

“आणि आता?”

ती थांबली. मी पुन्हा तिच्या वाक्यावर बोट ठेवलं. ‘जलवितरण केले जात असे.’ कोण करत असे? वाक्यात माणूसच नव्हता. आणि तिचा सगळा प्रबंध त्याच माणसाबद्दल होता. आधी पाणी गाव सोडायचं, मग ते खात्याच्या हातात गेलं. गाळ काढायला गाव एकत्र यायचं ते थांबलं, कारण तलाव आता ‘आपला’ नाही, सरकारचा. हे तिला पाठ होतं. पण ‘केले जात असे’ आणि ‘केले जाते’ या दोन वाक्यांत फरक दिसायला नको का? कर्मणी प्रयोगाने तिचा निष्कर्ष गिळून टाकला होता.

त्या दिवशी आम्ही तीन तासांत एक परिच्छेद केला. लिहिला तिने. मी नुसतं ‘कोण?’ आणि ‘कधी?’ विचारत होते. ‘धानाला शेवटचं पाणी कधी सोडायचं हे गावाच्या बैठकीत ठरे,’ अशी सुरुवात झाली. तुडुम हा शब्द तसाच राहिला, खाली तळटीप. समितीतल्या कुणीतरी म्हणे ‘हा शब्द शास्त्रीय नाही’ म्हणून हरकत घेतली. तिने उत्तर दिलं की सर, शास्त्रीय शब्दाला हे काम माहीत नाही. (हे तिने मला फोनवर सांगितलं. खरंच असं बोलली की घरी जाऊन सुचलं, मी विचारलं नाही.)

एवढंच माझं काम. परदेशात यासाठी विद्यापीठांत रीतसर केंद्रं असतात. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या लेखन-केंद्राची वेबसाइट १९९४ पासून सगळ्यांना फुकट खुली आहे, संदर्भ कसे द्यायचे ते मी बरंचसं तिथूनच शिकले. आपल्याकडेही अशोका विद्यापीठासारख्या काही ठिकाणी आहेत. पद्धत बहुतेक ठिकाणी सारखीच: कागद विद्यार्थ्याचा, पेनही त्याच्याच हातात.

पेन आपल्या हातात का घ्यायचं नाही, हे मी एकदा घेऊन शिकले. एक मुलगा, सबमिशन चार दिवसांवर, बायको बाळंतपणाला माहेरी, हा रात्री दोनपर्यंत जागून डोळे लाल करून आलेला. त्याला परिच्छेद जुळेना. मला दया आली आणि मी दोन परिच्छेद माझ्या हाताने लिहून दिले. झकास जमले होते, खोटं कशाला बोलू. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, मी मागे बसले होते. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं तेच पान उघडलं आणि म्हणाले, “इथे तुम्ही ‘द्वंद्वात्मक’ म्हटलंय. जरा उलगडून सांगा.” मुलगा माझ्याकडे बघायला लागला. सभागृहात तीस-चाळीस माणसं. तो शब्द माझा होता. त्याला पदवी मिळाली, पण त्यानंतर तो कधी त्या खोलीत आला नाही, आणि रस्त्यात दिसला तर मीच आधी दुसरीकडे बघते.

आता टक्क्यांचं, म्हणजे प्रबंधातला किती मजकूर दुसरीकडच्या लिखाणाशी जुळतो ते सॉफ्टवेअर सांगतं त्याचं. निम्मे लोक माझ्याकडे भाषेसाठी येतच नाहीत, टक्के उतरवायला येतात, जसे काही ते तापाचे आकडे आहेत. २०१८ च्या यूजीसीच्या नियमांत जुळणारा मजकूर दहा टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही. दहा ते चाळीस असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचं, चाळीस ते साठला वर्षभर बंदी, साठच्या वर गेला तर नोंदणीच रद्द. हे आकडे सगळ्यांना तोंडपाठ. पण त्याच नियमांत असंही आहे की श्रेय देऊन केलेलं अवतरण, संदर्भसूची, ऋणनिर्देश हे मोजायचंच नाही, आणि सलग चौदा शब्दांपर्यंतचा सर्वसाधारण मजकूर आपसूक जुळला तर तोही सोडून द्यायचा. हे कुणी सांगत नाही. मग मुलं काय करतात? प्रामाणिकपणे दिलेल्या अवतरणाची चिन्हं काढतात, शब्द इकडचे तिकडे करतात आणि चांगल्या लेखकाचं वाक्य नासवून स्वतःच्या नावावर घालतात. म्हणजे चोरी नव्हती तिथे चोरी होते, ती सुद्धा टक्के कमी करायला!

शब्द बदलून देणारी यंत्रं तर विचारू नका. ‘शेतकऱ्यांनी पाणी वापरलं’चं ‘कृषकांनी जलाचा विनियोग केला’ होतं. इंग्रजीत याच्याही वरताण. फ्रान्स-रशियातल्या संशोधकांनी २०२१ मध्ये छापील शोधनिबंधांतून अशी वाक्यं शोधून काढली. ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’चं कुणीतरी ‘काउंटरफीट कॉन्शसनेस’ केलं होतं. म्हणजे खोट्या नाण्यासारखी खोटी शुद्ध. आता चॅटजीपीटी आलं. त्याचा परिच्छेद गुळगुळीत असतो, तलावांवरच्या चार पानांत एकाही तलावाचं नाव नसतं, आणि खाली कधीकधी असे संदर्भ की ते पुस्तक जगात कुणी लिहिलेलंच नाही. मी मुलांना वापरू नका म्हणत नाही, ऐकणार कोण? मी फक्त म्हणते, हे पुस्तक कपाटातून काढून आण. मुकाट्याने जातात, हात हलवत परत येतात.

एक गंमत मात्र सांगायलाच हवी. एक गृहस्थ, कुठल्याशा कॉलेजात शिकवणारे, विजयी मुद्रेने आले. “मॅडम, माझा मराठी प्रबंध आहे, दोन टक्के आले!” मी फाइल पाहिली. सगळं कृतीदेवात टाइप केलेलं. कृतीदेव हा जुना फॉन्ट. पडद्यावर तुम्हाला ‘का’ दिसतं, पण फाइलच्या पोटात ‘डी’ आणि ‘के’ ही इंग्रजी अक्षरं असतात. सॉफ्टवेअर बिचारं ती अगम्य इंग्रजी वाचत होतं आणि म्हणत होतं, असलं जगात कुणीच लिहिलेलं नाही! युनिकोडमध्ये बदलून पुन्हा तपासा म्हटलं तर त्यांचा चेहरा उतरला. दोन टक्क्यांचा तो कागद त्यांनी लॅमिनेट करून आणला होता.

२०२२ च्या त्या नियमांत एक वाक्य आहे, कुणाच्या फारसं लक्षात येत नाही. पीएचडीच्या काळात प्रत्येकाने आपल्या विषयाशी निगडित अध्यापनाचं किंवा लेखनाचं प्रशिक्षण घ्यावं, अशा अर्थाचं. लेखन हा शब्द तिथे चक्क आहे. पण बहुतेक ठिकाणी कोर्सवर्कमध्ये त्यावर एक व्याख्यान होतं, पीपीटी दाखवतात, चहा-समोसा होतो. सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा आराखडा, मंजूर झाल्यापासून सबमिशनपर्यंत त्या मुलाचं एक पान कुणी शेवटपर्यंत वाचलेलं नसतं. सहामाही अहवाल असतो, त्यात ‘प्रगती समाधानकारक’ असा शिक्का असतो. टायपिंगवाला वाचतो, पण तो अक्षरं वाचतो. आणि मग खांबावर चिकटवलेली ‘थिसिस, प्रोजेक्ट, पेपर लिहून मिळेल’ची चिठ्ठी दिसते, खाली फोन नंबर फाडून घ्यायला कापलेल्या पट्ट्या. त्यातल्या निम्म्या पट्ट्या फाडलेल्या असतात. त्या पोरांना मी नावं ठेवत नाही. ते पट्टी फाडतात तेव्हा त्यांच्याकडे दुसरं दार नसतं.

परवाच भंडाऱ्याहून एकांचा फोन आला. शाळेत शिक्षक, वय माझ्याहून चार-पाच वर्षांनी कमी असेल. तोच प्रश्न, पानाचे किती. मी माझं सगळं पुराण सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते.

“समजलं जी. तुम्ही लिहून देत नाही. मंग मी येऊन करू काय?”

“दोन पानं आणा. छापून, ओळींमध्ये जागा सोडून. आणि ती मला वाचून दाखवायची.”

“मीच वाचू? मोठ्यानं?”

“हो.”

पलीकडे बराच वेळ काहीच नाही. मला वाटलं फोन ठेवला.

“मॅडम, दोन पानं नाहीत ना जी. पाच वर्षांत दीडच झालं.”

म्हटलं, दीड आणा.