दापोलीत प्रवेश, वेंगुर्ल्यात प्रबंध

मी माणदेशातली. आमच्याकडे वर्षाला पाचशे मिलिमीटर पाऊस झाला तरी साल बरं गेलं म्हणतात. एम.एस्सी. उद्यानविद्येसाठी दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ मिळालं तेव्हा वडिलांनी एवढंच विचारलं, "छत्री टिकंल का तिथं?" नाही टिकली. दापोलीत साडेतीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो. पहिल्या जुलैतच माझ्या दोन छत्र्या गेल्या आणि खोलीत वाळत घातलेले कपडे आठवडाभर कुबट वास मारत राहिले.

विद्यापीठ म्हणजे एक फाटक आणि आत सगळं, अशी माझी समजूत. हे 1972 सालचं विद्यापीठ मात्र किनाऱ्याकिनाऱ्याने पसरलेलं. मुख्यालय दापोलीला, मत्स्य महाविद्यालय रत्नागिरीजवळ शिरगावला, नारळाचं केंद्र भाट्याला, भाताचं कर्जतला, खारजमिनीचं पनवेलला. काजूचं वेंगुर्ल्याला, आणि माझा विषय नेमका काजू.

पहिलं वर्ष कोर्सवर्क, सेमिनार आणि परीक्षांमध्ये गेलं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. दुसऱ्या वर्षी मात्र गाईड दापोलीत आणि रोपं वेंगुर्ल्यात. दापोलीहून एसटीने खेड, तिथून रेल्वेने कुडाळ, पुन्हा एसटीने वेंगुर्ले. पाठीवर लॅपटॉप, हातात आईने दिलेला शेंगदाण्याच्या चटणीचा डबा. एका हंगामात हा फेरा इतक्यांदा झाला की खेड स्टेशनवरचा चहावाला मला बघून "आज वर की खाली?" असं विचारायचा.

प्रयोग होता मृदुकाष्ठ कलमांचा, म्हणजे कोवळ्या खोडाच्या रोपावर निवडलेल्या जातीची काडी बांधायची. खालचं रोप तो खुंट. किती दिवसांच्या खुंटावर काजूचं कलम चांगलं बसतं, हे बघायचं होतं. ऐकायला सोपं, पण हाताला नाही. काडी घ्यायच्या आठ-दहा दिवस आधी तिची पानं कापायची, देठ तेवढे ठेवायचे. ते आपोआप गळले आणि शेंड्याचा डोळा फुगला की काडी तयार. खुंटाचा शेंडा छाटून मधोमध चीर द्यायची, काडीला तेवढीच पाचर करायची, दोन्हींची साल किमान एका बाजूने तरी जुळवायची, पट्टी घट्ट बांधायची. वर टोपी म्हणून पेप्सीकोल्याची लांबट पिशवी! हो, तीच, लहानपणी शाळेबाहेर चोखायचो ती. माळीकाका दहा कलमं बांधायचे तेवढ्यात माझं एक व्हायचं, आणि तेही वाकडं. चिकाने बोटं काळी पडली होती. घरी व्हिडिओ कॉलवर आईला वाटलं, मला काहीतरी त्वचारोग झालाय.

काड्या वेंगुर्ला-4 आणि वेंगुर्ला-7 च्या. दोन्ही जाती याच केंद्राच्या. सातची बी हातात घेतली की वजन कळतं, एक बी दहा ग्रॅमच्या आसपास भरते.

मग मी घोळ घातला. लेबलं कागदाची केली, त्यावर छान अक्षरात जेल पेनाने ट्रीटमेंट, म्हणजे खुंटाचं वय, लिहिली आणि कागदपत्रांसाठी दापोलीला गेले. चार दिवस पाऊस हटला नाही. परत आले तर तिसऱ्या रेप्लिकेशनच्या, म्हणजे त्याच प्रयोगाच्या तिसऱ्या संचाच्या, सगळ्या लेबलांवर निळे डाग. कोणतं कलम तीस दिवसांच्या खुंटावरचं आणि कोणतं साठच्या, काही कळेना. खुंटाच्या जाडीवरून अंदाज बांधता आला असता, पण अंदाज प्रबंधात लिहीत नाहीत. मी रोपांच्या पिशव्यांमध्येच बसून रडले. माळीकाकांनी एक लेबल उलटसुलट करून बघितलं.

"पेनान कित्याक लिवलंस गो? पेन्सिलीन लिवूचा. शाई पावसात रवता काय?"

चार वर्षं बी.एस्सी. करून आलेली मी, हे मला कुणी सांगितलं नव्हतं असं म्हणायचीही सोय नव्हती. सांगितलं असणार. आमच्याकडे पाऊसच नव्हता, म्हणून ते डोक्यात राहिलं नसावं.

गाईडना फोन केला. त्या ओरडल्या नाहीत. "ती रेप्लिकेशन नव्याने बांध, तारखा वेगळ्या लिही, लपवू नकोस," इतकंच म्हणाल्या. बी पेरण्यापासून सगळं पुन्हा. सबमिशन लांबलं, बरोबरीचे पुढे गेले. वसतिगृहात शेवटचे दोन महिने मी जवळजवळ एकटीच होते.

सह्यांचा फेरा वेगळाच. समितीतले एक सदस्य वेंगुर्ल्यात, बाकीचे दापोलीत. सहीचं पान प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये, तो फोल्डर पिशवीत, ती पिशवी सॅकमध्ये, असं मी कुडाळहून खेडपर्यंत मांडीवर धरून आणलं. यावरची शाई मात्र टिकायलाच हवी होती.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तक्ते बाजूला ठेवून आधी शेताची वही मागितली. पेन्सिलीचं अक्षर, कडेला काळे ठसे. ते तिसऱ्या रेप्लिकेशनच्या तारखांवर थांबले.

"ही दोन महिन्यांहून जास्त मागे का?"

"लेबलं धुऊन गेली, सर. माझीच चूक."

त्यांनी चष्मा काढला. "आम्ही भातात असंच केलं होतं," म्हणाले आणि पान उलटलं. "आता सांगा, टोपी कधी काढायची?"