राखाडी पेट्या कुठल्या थप्पीतल्या?

तुर्भे एमआयडीसीत एका कोल्ड स्टोरेजला मी क्यूसी, म्हणजे मालाची क्वालिटी तपासायचं काम बघतो. एप्रिल-मे म्हणजे हापूसचा सीझन, वाशीच्या फळ मार्केटला गाड्यांची रांग आणि आमच्याकडे फोन थांबत नाहीत. मागच्या सीझनला एका व्यापाऱ्याचा देवगडचा माल आमच्याकडून गेला आणि पिकायला लावल्यावर बऱ्याच पेट्यांत साल राखाडी पडली, आंबा एकीकडे पिवळा नि दुसरीकडे हिरवागार, चव पाणचट. तो पेटी घेऊनच आला आणि ऑफिसच्या टेबलावर ओतली.

मालकांनी तिथेच निकाल लावला, गाडीवाल्याने उन्हात उभी केली असणार, त्याचं भाडं अडवा. सगळ्यांनी माना डोलावल्या, सोयीचं होतं ना. नव्या मॅनेजर मॅडम एवढंच म्हणाल्या, "उन्हाने लवकर पिकेल, असा राखाडी का पडेल?" बरोबर होतं, ही थंडी लागल्याची लक्षणं. हापूस 13 डिग्रीच्या बराच खाली राहिला की बिघडतो आणि बाहेर काढून पिकवेपर्यंत पत्ता लागत नाही. पण आमचा डिस्प्ले 13 च दाखवत होता, लॉगबुक पण चकाचक.

मॅडम सरळ माथाडी काकांकडे गेल्या. काका, या पेट्या कुठल्या थप्पीतल्या? काका म्हणाले, "मागच्या भिंतीच्या, वरच्या. तिथं चढलं की कान गार पडतात मॅडम." इतकी वर्षं त्यांना कोणी विचारलंच नव्हतं.

रात्री मॅडम स्वतः शिडीवर चढल्या, आंब्यात थर्मामीटर खुपसला तर 9. सेन्सर होता दाराजवळ, सीझनला दार सारखं उघडं, गरम हवा त्याला लागणार, मग कॉम्प्रेसर थांबतच नाही आणि पंख्यासमोरच्या पेट्या गारठतात. तेवढ्यात ऑपरेटर पोरगा आपणहून बोलला की रात्रीच्या एंट्र्या तो सकाळी एकदम भरतो. खरं सांगतो, आधीचे साहेब असते तर त्याने तोंड उघडलं नसतं, ते पण प्रश्न विचारायचे पण माणूस अडकवायला. मॅडमनी रिपोर्टात "नोंदीची पद्धत बदला" लिहिलं, पोराचं नाव नाही. काकांचं नाव मात्र घातलं, कारण यांच्यामुळे सापडलं म्हणून.

मग खरी वादावादी. मालक म्हणाले, गाडीवाला काय कोर्टात जाणार आहे का? मॅडम म्हणाल्या, त्याचं भाडं आज सोडा, व्यापाऱ्याला मी लिहिते. लिहिलं पण, रीडिंगच्या फोटोंसकट, बिघाड आमच्या रूममध्ये झाला म्हणून. भरपाईचा आकडा बघून मालकांनी दोन दिवस त्यांच्याशी बोलणं टाकलं.

आता पंख्यासमोर दुसरा सेन्सर आहे, दाराला पट्ट्यांचा पडदा आहे, आणि मागच्या भिंतीला वरच्या दोन थरांत आंबा लावत नाही. व्यापारी यंदा आला, पण अर्धाच माल घेऊन, अर्धा दुसरीकडे ठेवलाय. मालक त्याचा हिशोब अजून मॅडमना ऐकवतात.