‘थ्री लाइव्ह्ज’ : आधी लीना वाचा

अमेरिकन लेखिका गर्ट्रूड स्टाइनच्या ‘थ्री लाइव्ह्ज’ (१९०९) मध्ये तीन दीर्घकथा आहेत. पहिल्या पानापासून निघालेले वाचक बहुधा मधल्या, सगळ्यांत लांब ‘मेलांक्था’त अडकतात. त्यापेक्षा शेवटची ‘द जेंटल लीना’ आधी घ्या. हातात पेन्सिल असू द्या.

लीना जर्मनीहून मावशीने आणलेली मोलकरीण. पहिल्याच वाक्यात तिला चार विशेषणं चिकटतात: सोशिक, सौम्य, गोड आणि जर्मन. ती पुन्हा कुठे येतात तिथे खूण करत जा. मावशी तिचं लग्न हर्मन क्रीडर या शिंप्याशी ठरवते. नवरामुलगा ऐनवेळी न्यूयॉर्कला बहिणीकडे पळतो, बाप त्याला परत आणतो. लीनाला काय हवंय, हे कोणी विचारत नाही. सासरी सासूची बोलणी सुरू झाली की ती विशेषणं विरत जातात. लीना गबाळी, निर्जीव होते. हे कुणी समजावून सांगत नाही, शब्दांच्या झिजण्यातूनच ते कळतं. चौथ्या बाळंतपणात ती जाते, तेही दोनचार वाक्यांत, आधीच्याच सुरात. इथे ‘एवढंच?’ असं वाटतं, कारण आपण करुण प्रसंगाची वाट पाहत असतो. स्टाइनने मात्र फ्रेंच चित्रकार सेझानच्या चित्रांतून घेतलं होतं ते हेच, की कॅनव्हासच्या प्रत्येक भागाला सारखंच वजन.

पुस्तक तिने पदरच्या पैशाने छापलं. या बाईंना इंग्रजी नीट येत नसावं, अशी प्रकाशकाला शंका आली होती!

मग ‘द गुड ॲना’. ॲना मालकिणीचं, मिस मटिल्डाचं, नाव पुढे करून अशी घासाघीस करते की एकभाव दुकानदारही नमतात. स्वतःचा पगार मात्र उसनवारीत जातो, मुख्यतः सुईण मिसेस लेंटमनला. पुढे ती भाडेकरू ठेवते. त्यांना चांगलंचुंगलं खाऊ घालते आणि पैसे कमी घेते. पैशाच्या या नोंदी वाचताना गाळू नका, ॲना त्यांतच आहे.

‘मेलांक्था’ शेवटी. तिच्यातले कृष्णवर्णीयांबद्दलचे ठोकळेबाज शेरे आज खुपतात, आणि खुपायलाच हवेत. कथा मेलांक्थाची मैत्रीण रोज जॉन्सन हिच्या बाळाच्या मृत्यूने सुरू होते, मग मागे जाते. बऱ्याच पानांनंतर तोच प्रसंग जवळजवळ त्याच शब्दांत भेटतो. पान चुकलं म्हणून मागे उलटू नका.