‘हालास’ 1:100 – सलोनची भिंत अखेर बसली

‘हालास’ या जुन्या इस्तंबूली प्रवासी बोटीची 1:100 प्रमाणातली प्रतिकृती मी करतो आहे. मागच्या नोंदीपासून अडून राहिलेली तिच्या सलोनची (डेकवरच्या प्रवासी दालनाची) उजवी भिंत या रविवारी नाळेपासून (पुढच्या टोकापासून) वराम्यापर्यंत (मागच्या टोकापर्यंत) कुठेही फट न राहता बसली, याचा मला मनापासून आनंद आहे.

अडचणीचे मूळ आराखड्यात होते. सपाट नकाशात जहाजाची बाजू समोरून दिसते. पण भिंत नाळेकडे आत वळत जाते, त्यामुळे तिथले अंतर कागदावर आखडते. त्या नकाशावरून लेझरने कापून आलेली पट्टी मध्यभागी अचूक बसे आणि पुढे तोकडी पडे. त्यातच डेकला शीअर आहे, म्हणजे तो टोकांकडे वर चढत जातो. खिडक्यांचे खांब जलरेषेशी काटकोनात उभे राहतात, मात्र उंबरठा डेकबरोबर वर चढतो. म्हणजे टोकाकडची प्रत्येक खिडकी किंचित तिरकी हवी. पट्टी ओढूनताणून बसवली की खांब कलतात, आणि या बोटीचे सारे सौंदर्य त्या खिडक्यांच्या ओळीतच आहे.

उपाय जुनाच, पण खात्रीचा निघाला. जाड ड्रॉइंग पेपर बोटीच्या सांगाड्याच्या चौकटींभोवती गुंडाळला, प्रत्येक चौकटीची खूण केली, डेकची कड पेन्सिलीने उतरवली आणि कागद उलगडला. त्यावर मिळालेल्या खऱ्या अंतरांवरून अर्ध्या मिलिमीटरच्या स्टायरीनमध्ये (प्लास्टिकच्या पत्र्यात) भिंत तीन तुकड्यांत कापली. सांधे खांबांमागे लपले. वळणदार भिंतीसाठी लेझरपेक्षा धारदार पाते आणि पोलादी पट्टी बरी, असे माझे आता ठाम मत आहे. काचांसाठी सुपरग्लू मात्र कुणीही वापरू नये, त्याच्या वाफेने ॲक्रिलिकवर पांढुरके धुके धरते. पांढरा पीव्हीए गोंद सावकाश वाळतो, पण काच स्वच्छ राहते.

काचा बसताच आतली पोकळी दिसू लागली आणि बेत बदलला. आतापर्यंत मी केवळ 1923 नंतरची प्रवासी बोट करणार होतो. पण ग्लासगोच्या फेअरफील्ड गोदीत 1914 मध्ये ‘रेशीद पाशा’ म्हणून बांधलेली, महायुद्धात ब्रिटिश नौदलाकडे ‘वॉटरविच’ नावाने गेलेली, मग ‘हालास’ होऊन इस्तंबूलच्या बॉस्फरस सामुद्रधुनीवर अनेक दशके उतारू वाहणारी आणि निवृत्तीनंतर आलिशान यॉट झालेली ही सुमारे 52 मीटरची बोट एकाच काळात गोठवणे मला आता अपुरे वाटते. सलोनचे छत उचलता येईल असे करून आत बसणारे दोन स्वतंत्र तळ करावेत: एकावर उतारूंची लाकडी बाके, दुसऱ्यावर यॉटची बैठक. त्यासाठी छताच्या तुळया पुन्हा आखाव्या लागतील, म्हणून डावी भिंत तूर्त चिकटवत नाही.

बोटीचा 71 हा क्रमांक मिरवणाऱ्या धुराड्यासाठी पितळी नळी पुण्याच्या बोहरी आळीत हव्या त्या व्यासाची मिळाली, तीही ऑनलाइनपेक्षा जाड आणि सरळ. यॉट झाल्यानंतरच्या सलोनची आतली छायाचित्रे, विशेषतः छताची, कुणाकडे असल्यास कृपया पाठवावीत. तुळयांचे अंतर त्यांवरूनच ठरवणार आहे.